बत्तीस बोरचा भरवसा

कंबर धरली की हेमराज कुमरे उजवीकडे कलून चालायचा, आणि सिंदी रेल्वेच्या बाजारातली माणसं म्हणायची, रिव्हॉल्वरच्या ओझ्यानं कलला बुवा. ओझं तसं काही फार नव्हतं. भरलेला तांब्या त्याहून जड. पण तांब्या माणूस खाली ठेवतो. हेमराजनं फौजेतून घरी आल्यापासून ते कमरेचं लोखंड कापसाच्या सीझनात दिवसभर कधी खाली ठेवलं नव्हतं. आताशा संध्याकाळी पट्टा सोडला तरी त्याला कमरेवर काहीतरी लोंबतंय असंच वाटायचं.

गाव त्याचं हिंगणीच्या पल्याड, बोरच्या रानाला लागून. बाप जंगलखात्याच्या कूपात झाडं तोडायला जायचा. घरात गोंडी बोलायचे, बाहेर वऱ्हाडी, आणि फौजेत गेल्यावर हिंदी चिकटली ती चिकटलीच. नाईक होऊन परत आला, लायसन काढलं, आणि एका जुन्या मालगुजार जमीनदाराच्या नातवाकडून बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर विकत घेतलं. नातवाला ते घरात नको होतं, हेमराजला हवं होतं. तेव्हापासून तो सिंदीच्या एका जिनिंगमध्ये गनमॅन. कापसाचा सीझन लागला की जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचं, जिनिंगवरून वर्ध्याच्या बँकेत जायचं, बँकेतून रोकड घेऊन परत यायचं. गाडी पुंडलिकराव चालवायचा. सीझन सरला की गेटवर बसून डुकरं हाकलायची.

रिव्हॉल्वरची एक खोड होती. ते डावीकडे मारायचं. थोडंथोडकं नाही, चांगलं हातभर. जुवाखालचा एखादा बैल जन्मभर बांधाकडे ओढतो तसं. हेमराजला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

"नेम चुकला तं दुसरी मारता येते," तो म्हणायचा. "पन आवाजच नाई निंगाला, तं का मारता मंग? दगड?"

फौजेत असताना पहाडात एकदा त्याच्या बाजूच्या जवानाचं हत्यार ऐनवेळी अडलं होतं. नवंकोरं, तेलपाणी केलेलं, पल्ल्यावर सुपारी फोडणारं. त्या जवानाचं पुढं काय झालं ते हेमराज सांगायचा नाही. एवढंच म्हणायचा, का हत्यार बायकोसारखं पाह्यजे, रूप कमी असलं चालन, पन हाक मारली का ओ दिली पाह्यजे. हे त्याची बायको धुरपता ऐकायची आणि चुलीपुढून म्हणायची, "मीनं ओ नाई देली तं समजन."

त्या रिव्हॉल्वरचं नाव झालं ते केळझरच्या वळणावर. दोन सीझनमागची गोष्ट. बँकेतून परत येताना दोन जणांनी मोटरसायकल रस्त्यात आडवी घातली, तोंडाला दुपट्टे. पुंडलिकरावानं करकचून ब्रेक दाबला. हेमराज दार उघडून उतरला, दोन्ही हातांनी रिव्हॉल्वर धरलं आणि उभा राहिला. त्या दोघांनी त्याच्याकडे पाहिलं, एकमेकाकडे पाहिलं, आणि मोटरसायकल वळवून उधळले. बस. एवढंच झालं होतं. पण पुंडलिकराव एवढ्यावर थांबणारा माणूस नव्हे. त्यानं चहाटपरीवर सांगितलं तेव्हा हेमराजनं हवेत एक गोळी मारली होती. पोळ्यापर्यंत ती मोटरसायकलच्या टायरात गेली होती.

"अबे, गोयी मारली कोठी मीनं?" हेमराज म्हणायचा.

"तू चूप बस. तुले सांगता येत नाई," पुंडलिकराव म्हणायचा. आणि मग हळूच, "तू बाजूले असला का मले गाडी चालोता येते, इतलं खरं."

आता मालक बदलला होता. म्हातारे शेटजी गेले आणि त्यांचा मुलगा आदेश जिनिंग पाहू लागला. पोरगा वाईट नव्हता. नागपूरच्या शूटिंग क्लबात जायचा, त्याच्याकडे स्वतःचं पिस्तूल होतं, आणि त्यातलं कळायचंही. पावसाळा उतरत आला तेव्हा त्यानं हेमराजला हाफिसात बोलावलं.

"काका, ते मालगुजारी खटलं आता सोडा. मी नवीन घेऊन राह्यलो. माझं हे पिस्तूल तुमच्या लायसनवर चढवू. जिथं पाहाल तिथं मारते."

"अन् माह्यं?"

"तुमच्या लायसनवर हातातल्या हत्याराची जागा एकच आहे. ते विकावं लागेल."

हेमराजनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"जबरदस्ती नाही," आदेश म्हणाला. "तुमचं लायसन, तुमची मर्जी. पण सीझन लागायच्या आधी ठरवा. आणि चांदमारीवर दोन्ही मारून पाहू ना. जे खरं ते समोर येईल. नाहीच ठरलं तर एजन्सीचे गार्ड बोलावतो, तुम्ही गेटवर बसा."

गेटवर बसायला हेमराजची ना नव्हती. शरीर तर तेच मागत होतं. पण हत्यार निवडता आलं नाही म्हणून पुढच्या सीटवरून उठवला, असं नको होतं. उठायचं तर आपल्या पायानं.

धुरपतेला सांगितलं तर ती म्हणाली, "दोनी इकून टाका न् घरी बसा. रात्रभर कन्हता."

"एक सीझन अजून."

"मांगच्या साली बी एकच होता."

भादव्यातल्या एका सकाळी तिघं पोलिसांच्या चांदमारीवर, नेमबाजीच्या मैदानावर, गेले. परवानगी काढलेली होती. पुंडलिकराव गाडी घेऊन आला होता म्हणून आला, आणि बाभळीच्या सावलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत उकिडवा बसला. ऊन असं की मानेवर कोणी इस्त्री फिरवावी. मैदानावर मंजुषाबाई म्हणून हवालदार होत्या, उंच, आवाज खणखणीत. त्यांनी कागद पाहिले, हत्यारं पाहिली, आणि कोण कुठं उभं राहणार ते हातानं दाखवलं.

आधी आदेशनं पिस्तूल मारलं. पुठ्ठ्यावरची सगळी छिद्रं एका पुरीखाली झाकली असती. हेमराजनं मान डोलावली. चांगल्याला चांगलं म्हणायला त्याची जीभ जड नव्हती.

"आता तुम्ही, काका."

पिस्तूल हातात हलकं होतं, गार होतं. हेमराजनं उजवा डोळा लावला. समोरचा पुठ्ठा त्याला धुक्यात लावलेल्या दिव्यासारखा दिसला. उजव्या डोळ्यात पडदा आला होता, उन्हाळ्यापासून. कोणाला सांगितलं नव्हतं, धुरपतेलासुद्धा नाही. त्यानं मारायला सुरुवात केली. छिद्रं पडली ती परातभर पसरली. आणि अर्ध्यात पिस्तूल अडलं. रिकामं काडतूस बाहेर उडायचं ते वरच अडकून उभं राहिलं. हेमराजनं वरचा भाग मागं ओढून पाहिला. अंगठ्यात जोर नव्हता, हात घामेजलेले. दुसऱ्यांदाही सरकला नाही. मंजुषाबाईंनी हात पुढं करून पिस्तूल घेतलं, एका झटक्यात मोकळं केलं.

हेमराजच्या चेहऱ्यावर त्या दिवशीचं पहिलं हसू आलं. "पाह्यलं, आदेशबाबू? हेच म्हनून राह्यलो मी."

"मनगट ढिलं होतं तुमचं. पिस्तुलाला घट्ट धरावं लागते," आदेश म्हणाला.

"रस्त्यावर कोन धरू देईन घट्ट?"

मग त्यानं आपलं काढलं. सहाही घरं भरलेलीच होती, ती नेहमी भरलेलीच असत. हे हातात आलं आणि त्याचे खांदे खाली उतरले. घरच्या खाटेवर टेकावं तसे. त्यानं चाप ओढला.

पहिली गेली. डावीकडे, हातभर.

दुसऱ्या वेळी नुसतं टच वाजलं, गोळी उडाली नाही.

हेमराजच्या बोटाला ते कळलंच नाही. बोट सवयीनं पुढं ओढतच होतं. तिसरी गेली. मग टच. मग पुन्हा टच. शेवटची गेली आणि पुठ्ठ्याच्या काठाला चाटून मागच्या मातीत घुसली.

दूरवर एक टिटवी ओरडली. हेमराज तसाच हात लांब करून उभा होता. मंजुषाबाईंनी रिव्हॉल्वर त्याच्याकडून घेतलं, उघडलं, न उडालेल्या गोळ्या तळहातावर काढल्या. एकीचं बूड निरखलं. नखानं खरवडलं. पिवळं, चिकट, वाळलेलं काहीतरी निघालं. त्यांनी वास घेतला.

"काका, हिला फोडणी देता का तुम्ही?"

कोणी हसलं नाही.

"जवसाचं तेल आहे हे," मंजुषाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी चटणीवर घेतात. गोळीच्या बुडच्या टोपीत उतरलंय. मसाला मेला आतला. कधी भरल्या होत्या ह्या?"

हेमराजला आठवायला वेळ लागला नाही, सांगायला लागला. दर दसऱ्याला धुरपता पाटावर हत्यार ठेवायची. फौजेत शस्त्रपूजा व्हायची, तीच चाल त्यानं घरी आणली होती. हळद, कुंकू, सोन्याची पानं. आणि घरच्या जवसाचं वाटीभर तेल. धुरपतेचा हात उदार. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी चोळावं तसं ती बोट बुडवून सगळीकडे चोळायची, भरलेल्या घरांवरून पण. हेमराज शेजारी मांडी घालून बसलेला असायचा, त्याला बरं वाटायचं. नंतर फडक्यानं वरून पुसायचा आणि म्हणायचा, चमकलं. गोळ्या मोजून मिळतात म्हणून त्यानं त्या बियाण्यासारख्या जपल्या होत्या. मारून पाहायच्या कशाला? रिव्हॉल्वर खोटं पडत नाही हे त्याला ठाऊकच होतं.

"झाले बरेच सीझन," तो म्हणाला.

बाभळीखाली पुंडलिकराव उभा राहिला होता. खर्रा हातातच.

"म्हंजे केळझरले?"

हेमराज त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "केळझरले बी ह्याच होत्या."

पुंडलिकराव वळला, जाऊन जीपमध्ये बसला आणि दार असं आपटलं की काच खाली सरकली.

परतीच्या वाटेवर गाडीत तिघं होते आणि बोलणारे दोनच.

"काका, सहातल्या तीन फुसक्या," आदेश म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "भरवसा भरवसा म्हणता तो हाच का?"

"तीन गेल्या ना पन." हेमराज म्हणाला. "फुसकी आली तं चाप अजून ओढला का पुढची येते. एका हातानं होते. तुमचं अडलं तं दोन हात लागते, अन् डोक्सं बी ठिकानावर लागते. हत्यार खोटं नाई पडलं. मी पडलो."

"आणि नेम? तो तर डावीकडेच जाते."

"नेम माह्या डोयातच नाई राह्यला, आदेशबाबू. उजव्या डोयात मोतीबिंदू हाय. तुमचं पिस्तूल सुईच्या नाकातून मारते, मीनं पाह्यलं. पन माह्या हातात आलं का त्याची परात होते. त्याचा नेम मले फुकट. अन् याच्यावर भरवसा होता, तो म्याच सडवला."

आदेशनं बाहेर पाहिलं. सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं, मधेच तुरीच्या हिरव्या ओळी.

"मग तुम्हालाच पुढं कशाला बसवू मी?" त्यानं विचारलं.

हेमराजनं पुंडलिकरावाकडे पाहिलं. उत्तर आपल्या तोंडून निघून काय उपयोग?

"मी नाही सांगत," आदेश शेवटी म्हणाला. "गाडी पुंडलिकराव चालवते. जीव त्याचा. तो बसवून घेत असेल तर बसा. डोळा मात्र दिवाळी झाली की दाखवायचा. आणि कोणतं हत्यार, ते तुम्ही ठरवा."

पुंडलिकरावानं गिअर बदलला.

तो बोललाच नाही. आठवडाभर हेमराज दिसला की गाडीखाली शिरायचा, चहाटपरीवर आला की उठून जायचा. टपरीवाल्यानं विचारलं, का झालं रे तुमचं, तर म्हणाला, बायकोले विचार त्याच्या.

दसऱ्याच्या आधी हेमराज नागपूरला जाऊन नव्या गोळ्या घेऊन आला. दुकानदारानं काचेत मांडलेली दोन पिस्तुलं दाखवली. हेमराजनं हातात घेतली, वरचा भाग ओढून पाहिला, परत ठेवली. तिथंच त्याचं ठरलं. डावीकडे मारणारं त्याच्या अंगवळणी होतं, उजवीकडे धरलं की झालं. अडलेलं मोकळं करायला लागणारा अंगठा त्याला कोणत्याच दुकानात मिळणार नव्हता.

दसऱ्याला धुरपतेनं पाट मांडला, वाटीत तेल ओतलं. हेमराजनं आधी रिव्हॉल्वर उघडून घरं रिकामी केली आणि गोळ्या उचलून वर कोनाड्यात ठेवल्या.

"त्या काऊन काढल्या?"

"त्यायले तेल पचत नाई."

धुरपता थांबली. तिला कळलं की नाही कोण जाणे, पण वाटीतलं अर्धं तेल तिनं परत बुधलीत ओतलं. "पह्यलेच सांगाचं होतं," एवढंच म्हणाली. हेमराजनं केळझरचं तिला सांगितलं नाही. तिच्या हाताला काय बोल लावायचा? चोळताना तो स्वतः बाजूला बसून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी तो पुंडलिकरावाच्या वावरात गेला. पुंडलिकरावाची वांगी होती तिथं, बाजारात न्यायला तोडणी चालली होती. हेमराज धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहिला. बसायला कोणी म्हटलं नाही.

"पाटी देऊ का उचलून?"

"काही नको," पुंडलिकराव वांग्याशी बोलला. "उचलशील न् मधात सोडशील."

"बोल तू. बोल."

"का बोलू?" पुंडलिकराव ताठ झाला. हातात वांगं. "मीनं गावभर सांगतलं का हेमराजनं हवेत गोयी मारली. अन् खरं पाह्यलं तं त्या बंदुकीतून हवा बी निंगाली नसती. मी लबाड झालो ना बे!"

"लबाड तं तू होताच. मीनं गोयी मारलीच नोती."

"ते येगळं. तवा मारता आली असती, म्हनून सांगत होतो." त्यानं वांगं टोपलीत फेकलं. "माह्यी बायको मनकर्णा दोन सीझन घोरत झोपली, का हेमराजभाऊ हाय बाजूले म्हनून. अन् मी तुह्या भरोशावर गाडी उभी केली तठी. नाई तं अंगावर घातली असती त्याइच्या, निंगून गेलो असतो. तू उतरला म्हनून थांबलो. समजते का?"

हे हेमराजच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली. पायाजवळ ढेकळातून मुंग्या चालल्या होत्या.

"समजते," तो म्हणाला. "मी पिस्तूल घेत नाई. माह्या हातानं ते चालत नाई. हेच ठेवतो. गोया नव्या आनल्या. तू म्हनशीन तं पुढं बसतो, नाई म्हनशीन तं गेटवर. आदेशबाबूले मीच सांगतो, तुह्यावर येऊ देत नाई."

पुंडलिकरावानं पदराएवढ्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"एजन्सीचा पोट्टा आला तं तो मोबाइलच पाहत बसन," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्यानं, "डोया किती गेला?"

"उजवा. डाव्यानं दिसते."

"अन् बंदूक बी डावीकडंच मारते. बरं जमलं."

त्याला हसायचं नव्हतं. तरी नाकातून थोडं निघालं आणि त्यानं ते लगेच बंद केलं.

"चांदमारीवर चाल माह्या संगं. त्या नव्या डब्यातून गोया मी काढीन. माह्या मनानं, कोनत्या बी. त्या तू मारजो. सगळ्या उडाल्या तं पाहू."

"महाग असते त्या."

"मंग बस गेटवर."

ते गेले. मंजुषाबाईंनी हेमराजला पाहून हात जोडले आणि तेल आणलं नाही ना, म्हणून विचारलं. पुंडलिकरावानं डब्यातून गोळ्या निवडल्या, लग्नातल्या सुपाऱ्या निवडाव्यात तशा, एक वर, एक खालून, एक कोपऱ्यातली. हेमराजनं मारल्या. सगळ्या उडाल्या. सगळ्या डावीकडे गेल्या, पण ह्या वेळी त्यानं उजवीकडे धरलं होतं म्हणून पुठ्ठ्यावर लागल्या, कुठंतरी. पुंडलिकराव जवळ जाऊन छिद्रं पाहून आला आणि म्हणाला, "मानूस मरत नाई याच्यानं, पन पयते." एवढी पावती त्यानं दिली.

जीपमध्ये बसताना त्यानं दार हळूच लावलं. हेमराजला वाटलं, झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं. दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात पहिल्या गाड्या लागल्या, कापसाची धूळ हवेत उडायला लागली, आणि पहिल्या दिवशी हेमराज आपल्या सीटवर चढायला गेला. दार उघडं होतं. पण पुंडलिकरावानं सीटवर आपला हात आडवा टाकला होता.

"दाखव."

"काय?"

"गोया."

हेमराजनं इकडंतिकडं पाहिलं. गाडीवान पाहत होते, तोलणारे पाहत होते. त्यानं रिव्हॉल्वर काढलं, उघडलं, गोळ्या तळहातावर घेऊन पुढं केल्या. पुंडलिकरावानं एकेक उचलली, बूड अंगठ्यानं दाबलं, नाकाजवळ नेली, आणि परत त्याच्या तळहातावर ठेवली. मग सीटवरचा हात काढला.

"बस."

हेमराज बसला. कंबर सीटला टेकली तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप हुं निघालं. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हात आडवा होता. तिसऱ्याही दिवशी. लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. आता सीझन अर्ध्यावर आला आहे, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली आहे, तरी रोज गोळ्या दाखवेपर्यंत सीटवर तो हात आडवा असतोच. आणि हेमराजही एक दिवस म्हणालेला नाही, का कालच तं पाह्यल्या.